ओव्याच्या वासाचा दिवा

माझ्याकडे बघून कोणालाही वाटतं, की हा चेपलेला डबा इथे भंगारवाल्याची वाट बघत बसला आहे. डबा मी आहेच, ते नाकारून कसं चालेल? पण मित्रांनो, मी मुळात दिवा आहे. जुना, एका बाजूने गंजलेला, डोक्यावर भोक असलेला दिवा. माझ्या उजेडात कोणी अभ्यास केला नाही की कोणी वर्तमानपत्र वाचलं नाही. अंड्याच्या आत काय चाललं आहे ते दाखवायचं, एवढंच माझं काम. ते मी इतकी वर्षं चोख केलं आहे, आणि माझ्याच तोंडून ऐकायला बरं वाटत नसलं तरी सांगतो, माझ्याइतकं चोख कोणी केलेलं नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीच्या टोकाला झाला. तिथे समोरासमोर दोन दारं होती. एका दारामागे कोंबड्यांची शेड आणि अंडी उबवायची खोली. दुसऱ्या दारामागे झाडपाल्याचं तेल काढायची भट्टी. भट्टीचे मालक पुदिना, ओवा, लवंग, गवती चहा असं काय काय मोठ्या हंड्यात कोंबायचे, त्याची वाफ धरायचे आणि वाफ थंड झाली की वर तरंगणारं तेल अलगद काढून घ्यायचे. सगळी गल्ली त्यांना अर्कवाले म्हणायची. साबण करणारे आणि बाम करणारे लोक त्यांच्याकडून तेल न्यायचे, आणि रिकामे डबे भट्टीच्या भिंतीपाशी ऊन खात पडायचे. त्यांतलाच मी एक. माझ्या पोटात ओव्याचं तेल होतं.

एके दिवशी समोरच्या दारातून एक उंचेपुरे गृहस्थ आले, त्यांनी मला उचललं, बोटाने टकटक वाजवून बघितलं आणि अर्कवाल्यांना म्हणाले, "हा नेतो मी." उबवणीच्या खोलीचे ते मालक. गल्लीतली मुलं त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. मीही तेच म्हणतो, कारण मला दिवा केलं ते त्यांनीच. तोवर काकू अंडी खिडकीच्या उन्हात धरून बघायच्या आणि डोळे चोळत बसायच्या. काकांना ते बघवेना. त्यांनी माझ्या डोक्यावर गोल भोक पाडलं, पोटात होल्डर बसवला, आणि भोकाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे अंडं त्यावर टेकलं तरी तडकू नये. मला ओठ आले म्हणा ना!

मग काकांनी खोलीचे पडदे ओढले, मला पेटवलं आणि हाक मारली, "अगं, ये इकडे. हात ठेव यावर."

काकूंनी बिचकत तळवा माझ्या तोंडावर ठेवला. त्यांची बोटं लालचुटुक दिसायला लागली.

"अगबाई! माझं रक्त दिसतंय यात."

"मग? आता अंड्याची काय बिशाद आहे लपून राहायची!"

"तुमचा ठेवा बघू आता."

"माझा कशाला? मला काय झालंय?" असं म्हणून काका हसत हसत निघूनही गेले. तेवढ्यात बल्ब तापला आणि माझ्या पोटातून ओव्याचा वास दरवळला. काकू एकट्याच हसल्या आणि म्हणाल्या, "दिवा आहे की सर्दीचं औषध!" त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

आता माझं काम कसं चालायचं ते सांगतो. अंडी उबवणीच्या मशीनमध्ये आठवडाभर उबेत राहिली की काकू ती ट्रेमधून माझ्याकडे आणायच्या. खोलीत अंधार करायच्या, मला पेटवायच्या आणि एकेक अंडं माझ्या तोंडावर टेकवायच्या. आत जीव धरला असेल तर पिवळट उजेडात बारीक लाल धागे दिसायचे, मधोमध एक काळा ठिपका, आणि नीट बघितलं तर तो ठिपका हलायचा. जीव धरला नसेल तर नुसता पिवळा उजेड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा. प्रत्येक अंडं उचलताना काकू हळूच विचारायच्या, "तू आहेस का रे आत?" धागे दिसले की अंडं परत मशीनमध्ये जायचं. नाही दिसले तर काकू म्हणायच्या, "हे कोरं आहे," आणि बाजूच्या टोपलीत ठेवायच्या.

धंद्यातले बाकीचे लोक अशा अंड्याला वांझ अंडं म्हणतात. काकूंच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही. त्याचं कारण मला पुढे हळूहळू कळलं. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. काकांच्या मोठ्या बहिणीला घरात सगळे अक्का म्हणायचे; त्या दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. आल्या की पदराखालून एक पुडी काढायच्या. कधी कसली पावडर, कधी कसली मुळी, कधी कोणा ओळखीच्या बाईला लागू पडलेल्या गोळ्या. पाण्याचा तांब्या माझ्या टेबलावर असायचा, म्हणून काकू तिथे येऊन पुडी तोंडात टाकायच्या, वर पाणी प्यायच्या आणि कागद चुरगळून फेकून द्यायच्या. चेहरा वाकडा व्हायचा, पण तक्रार नाही. अशा किती पुड्या झाल्या त्याची गणतीच नाही. काकांना मात्र कोणी कधी पुडी दिली नाही.

तरीही ते दिवस सुखाचे होते, मित्रांनो. सकाळी शेडमधला गलका, दुपारी समोरच्या भट्टीचा वास, संध्याकाळी पायरीवर बसून काका, काकू आणि अर्कवाले यांच्या चहाच्या गप्पा. आमच्या कोंबड्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या होत्या. काकांच्या वडिलांनी त्या कुठून तरी आणल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांच्याच अंड्यांतून त्यांचीच पुढची पिढी निघत आली होती. आसपास तशा कोंबड्या कोणाकडे नव्हत्या. लोक बघायला यायचे. आले की काका त्यांना आधी शेड दाखवायचे आणि मग ऐटीत माझ्याकडे आणायचे. गुराढोरांवर आणि कोंबड्यांवर इलाज करणाऱ्या एक तरुण डॉक्टरीणबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्यावर ठेवलेल्या अंड्यातला ठिपका हलताना बघून टुणकन उडाल्या होत्या. "काका, हा दिवा विकत घ्यायला मिळेल का?" असं त्यांनी विचारलं होतं. काकूंनीच परस्पर नाही सांगून टाकलं. मी तेव्हा नेहमीपेक्षा जरा जास्तच तापलो असेन.

असंच चालत राहिलं असतं, तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण एका वर्षी कोंबड्यांमध्ये साथ आली. तरुण पाखरं पटापट गेली. वाचली ती जुनी, वय झालेली. ती अंडी घालत होती, पण माझ्यापुढे येणारी अंडी कोरी निघू लागली. आधी थोडी, मग अर्धी, मग टोपली भरून वाहायला लागली. काकूंचं "तू आहेस का रे आत?" मला ऐकवेना. काय करणार, मी तर फक्त जे आहे ते दाखवणारा. नसलेलं कुठून दाखवू?

काकांचा जीव टांगणीला लागला. नवी पिल्लं निघाली नाहीत तर ही ठिपक्यांची पाखरं म्हातारी होऊन संपणार आणि वडिलांनी आणलेला तो सगळा वंश आपल्या डोळ्यांदेखत बुडणार, हे त्यांना दिसत होतं. त्यात अक्का येऊन बसल्या.

"अरे, वांझ कोंबड्या पोसून काय मिळणार आहे तुला? कापायला नेणाऱ्या गाडीवाल्याला देऊन टाक आणि कंपनीची पिल्लं आण. सगळे तेच करतात."

काकू त्या वेळी माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांच्या हातातलं अंडं माझ्या ओठांवर तसंच राहिलं.

शेवटी काकांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पाखरं तपासली, शेड बघितली आणि माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "रोग नाही काही. वय झालंय. वय झालं की अंगातली ताकद कमी होते, माणसासारखंच. एक गोष्ट करून बघू या. ओवा, पुदिना, लवंग यांची तेलं असतात ना, ती खाद्यात अगदी थोडी घातली तर म्हाताऱ्या पाखरांना उपयोग होतो, असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. काही ठिकाणी काहीच फरक पडलेला नाही, हेही आत्ताच सांगते. जादू समजू नका."

"ओव्याचं तेल?" काकूंनी माझ्याकडे बघितलं. "ते तर समोरच मिळतं."

"हो. पण थेंबाने मोजून हं. आणि नर आणि मादी, दोघांच्या खाद्यात."

धंद्यात कोंबड्याला नर आणि कोंबडीला मादी म्हणतात. आणि मित्रांनो, त्यांची जेवणाची भांडी वेगवेगळी असतात, हे तुम्हाला माहीत नसेल. एकत्र ठेवलं तर नर दांडगाईने सगळं मटकावतात आणि लठ्ठ होतात. म्हणून आमच्या शेडमध्ये माद्यांच्या भांड्याला बारीक गज होते. त्यांतून मादीची मान आरामात जायची, पण नराचा तुरा अडकायचा. नरांसाठी एक बादली उंच टांगलेली असायची, तिथवर मादीची चोच पोचत नसे. भिंत नसलेल्या एकाच खोलीत दोन पंगती.

अर्कवाल्यांना कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, माझ्या तेलाने नाक मोकळं होतं, डोकं हलकं होतं, हे मला माहीत होतं. त्याने घरात पाळणा हलतो हे माहीत असतं तर मी बंगला बांधला असता." पण लगेच आत जाऊन त्यांनी चांगलं ताजं तेल बाटलीत भरून आणलं.

पहिल्या दिवशी काकांनी हौसेने बाटली खाद्यावर उपडीच केली म्हणायची. पाखरांनी एकदा चोच घातली, मान झटकली आणि दिवसभर भांड्याकडे पाठ करून बसली. मग डॉक्टरीणबाईंनी येऊन दाखवलं. थेंब आधी मूठभर कोंड्यात चोळायचे, तो कोंडा घमेलंभर खाद्यात मिसळायचा आणि ते खाद्य मग पोत्यात कालवायचं. त्यानंतर पाखरं मुकाट्याने खाऊ लागली. सगळ्या गल्लीत ओव्याचा वास सुटला. येणारे-जाणारे विचारायचे, आज कोणाचं पोट दुखतंय?

पण अंडी कोरीच निघत राहिली.

आठवड्यामागून आठवडे गेले. काकू डोळ्यांत तेल घालून बघायच्या. मी जीव तोडून उजेड द्यायचो. एखाद्या अंड्यात धागे दिसायचे, बाकी नुसता पिवळा उजेड. शेवटी काकांनी हाय खाल्ली. एका दुपारी दारात उभे राहून म्हणाले, "गाडीवाल्याला सांगितलंय. उद्या येतोय तो. सगळीच नेईल." एवढं बोलून ते शेडकडे वळले.

काकू बसल्या जागेवरून उठल्या नाहीत. त्यांनी टोपलीतलं एक कोरं अंडं घेतलं, बशीत फोडलं आणि बशी माझ्या उजेडाशी आणली. बलकावर एक पांढरा ठिपका असतो. नराचं बीज पोचलं असेल तर त्या ठिपक्याभोवती गोल कडं धरतं. डॉक्टरीणबाईंनी काकूंना हे कधीतरी शिकवलं होतं. या ठिपक्याला कडं नव्हतं. काकूंनी दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. कुठेच कडं नाही. जीव धरून मग गेला, असं झालेलंच नव्हतं. सुरुवातच झाली नव्हती.

त्या तशाच उठून शेडमध्ये गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही मुठी भरलेल्या होत्या. एका मुठीतलं खाद्य त्यांनी एका झाकणात ओतलं, दुसऱ्या मुठीतलं दुसऱ्या झाकणात, आणि दोन्ही झाकणं माझ्या तापलेल्या अंगाला टेकवून ठेवली. मग काकांना हाक मारली.

"अहो, जरा बसा इथे."

"बसायला वेळ कुठाय? उद्या सकाळी गाडी येतेय."

"म्हणूनच बसा."

काका बसले. काकूंनी पहिलं झाकण त्यांच्या नाकाशी नेलं. माझ्या उबेने वास चांगला वर आला होता.

"ओवा," काका म्हणाले.

"हे माद्यांच्या भांड्यातलं. आता याचा घ्या."

काकांनी दुसऱ्या झाकणाचा वास घेतला. पुन्हा घेतला. "मका," ते म्हणाले.

"हे नरांच्या बादलीतलं."

"अगं, नरांना कशाला? माझे नर बघ की कसे आहेत! तो मोठा तुरेवाला बघ, अख्खी शेड डोक्यावर घेतो. त्यांना काय धाड भरलीय?"

"डॉक्टरीणबाईंनी दोघांना द्या म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. पण अंडं कोण घालतं? मादीच ना?"

काकू चिडल्या नाहीत. त्यांनी टोपलीतलं आणखी एक अंडं उचललं आणि माझ्यावर ठेवलं. पिवळाधमक उजेड त्या दोघांच्या तोंडावर पडला.

"मादीने अंडं घातलं. वेळेवर घातलं. कवच बघा, किती छान आहे. बलक बघा. यात तिचं काय करायचं राहिलं, ते मला दाखवा."

काकांनी अंडं सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. दाखवण्यासारखं काही नव्हतं.

"आपल्या वेळेलाही हेच झालं," काकू म्हणाल्या. "सगळी औषधं माझ्याच भांड्यात पडली. तुम्हाला कोणी काही विचारलं नाही, आणि तुम्हीही कोणाला विचारायला गेला नाहीत. मी इथे उभी राहून पुड्या गिळायचे आणि तुम्ही या दारातून जा-ये करायचात. आता त्याचं काही वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटतं मला. पण ते राहू दे. या बिचाऱ्यांना गाडीत घालायच्या आधी एकदा तरी त्या दुसऱ्या भांड्यात तेल घाला हो."

एवढ्या वर्षांत काकूंना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. काकांनी हात पुढे करून मला बंद केलं. पडदे ओढलेल्या खोलीत अंधार झाला, आणि अंधारात मलाही काही दिसत नाही, मित्रांनो, म्हणून पुढे काय झालं ते मी सांगू शकत नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही, म्हणजे ते दोघंही तिथेच बसून होते. बऱ्याच वेळाने काकांचा आवाज आला. "गाडीवाल्याला नको म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी मला पेटवलं ते काकांनी. त्यांच्या बोटांना ओव्याचा उग्र वास येत होता, त्यावरूनच मी ओळखलं की नरांच्या बादलीतलं खाद्य त्यांनी स्वतः कालवलं आहे. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आपला रुंद, राकट तळवा माझ्या तोंडावर ठेवला. पहिल्या दिवशी जो हात मला मिळाला नव्हता, तो आज मिळाला. लाल उजेडात ते आपल्या बोटांकडे बघत उभे राहिले. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच विरघळला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता धीर धरा. नराच्या अंगात नवं बीज तयार व्हायला वेळ लागतो." काकांनी धीर धरला. शेडमध्ये नरांची जागा घासूनपुसून स्वच्छ केली, उन्हाची तिरीप येते तिथे पोतं बांधलं, आणि रोज कोंड्यात थेंब चोळत राहिले. अर्कवाले दारातून ओरडायचे, "काय, हलला का पाळणा?" काका हात हलवून त्यांना गप्प करायचे.

मग तो ट्रे आला. काकूंनी पडदे ओढले आणि नेहमीसारख्या बसायला गेल्या, तर काकाच खुर्चीवर येऊन बसले. "आज मी बघतो," ते म्हणाले. काकूंनी खालून त्यांच्या हाताला आधार दिला आणि दोघांनी मिळून पहिलं अंडं माझ्यावर ठेवलं.

मी आयुष्यात तेवढा जपून कधी जळलो नसेन. आधी पिवळा उजेड. मग एका कडेला एक लाल धागा. त्याला फुटलेला दुसरा. आणि मधोमध काळा ठिपका, हलणारा.

"तू आहेस का रे आत?" काकूंनी सवयीने विचारलं.

"आहे गं," काका म्हणाले. "आहे."

सगळी अंडी तशी निघाली नाहीत, हे सांगायला हवं. कोऱ्या अंड्यांची टोपली त्या दिवशीही होती, पण ती भरली नाही. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, "हे सगळं तेलानेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. हवा गार झाली, तुम्ही साफसफाई केलीत, त्याचाही हात असेल. पण दुसऱ्या भांड्यात तेल गेल्यावरच हे झालं, एवढं तर तुम्ही दोघांनी डोळ्यांनी बघितलंत." काकूंना तेवढं पुरेसं होतं.

पिल्लं निघाली त्या दिवशी आमच्या छोट्याशा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अर्कवाले आले, डॉक्टरीणबाई आल्या, आणि अक्काही आल्या. काकू मशीनमधून ओलसर पिल्लं काढून खोक्यात ठेवत होत्या. अक्कांनी खोक्यात डोकावून बघितलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "लागलं म्हणायचं कोंबड्यांना औषध! मुक्या जिवांना लागतं बघा. नाहीतर आमची ही. एवढ्या पुड्या आणून दिल्या, पण एक लागेल तर शपथ!"

डॉक्टरीणबाई चपापल्या. अर्कवाल्यांनी खाली बघितलं. काकूंची पाठ माझ्याकडे होती, पण त्यांचे खांदे आखडलेले मला दिसले.

काकांच्या ओंजळीत एक ठिपक्यांचं पिल्लू होतं. ते अलगद खोक्यात ठेवून ते म्हणाले, "अक्का, औषध चांगलं होतं की वाईट, ते मला माहीत नाही. भांडं चुकलं होतं. एक तरी पुडी मला द्यायला हवी होतीस. डॉक्टरकडे मी जायला हवं होतं. मी कधी गेलोच नाही, आणि ही कोणाजवळ एक शब्द बोलली नाही, म्हणून मी सुटलो. दोष माझ्यात होता की हिच्यात, ते आता कोणालाच कळणार नाही. पण तो हिच्यात होता असं यापुढे या घरात कोणी म्हणायचं नाही."

काकूंचे हात काम करत राहिले. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "दार लावा कोणीतरी. पिल्लांना वारा लागतोय." अर्कवाल्यांनी धावत जाऊन दार लावलं.

सगळे गेल्यावर अक्का मागे थांबल्या. काकूंच्या शेजारी येऊन म्हणाल्या, "मला कोणी सांगितलंच नाही गं."

"तुम्ही विचारलंच नव्हतंत, अक्का," काकू म्हणाल्या आणि त्यांनी खोक्यातलं एक पिल्लू उचलून अक्कांच्या हातात दिलं. अक्कांनी ते पदरात धरलं आणि तिथेच बसून राहिल्या. ‘वांझ’ हा शब्द त्या खोलीत मला पुन्हा ऐकू आला नाही.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते मला नीट सांगताही येणार नाही, इतकी ती भराभर गेली. काका आता अंडी बघायला रोज काकूंच्या शेजारी बसायचे. ते अंडं उचलायचे, काकू विचारायच्या, ते उत्तर द्यायचे. ठिपक्यांची पिल्लं मोठी झाली, त्यांची पिल्लं झाली. समोर भट्टी पेटली की गल्लीत ओव्याचा वास सुटायचा आणि काका नाक वर करून म्हणायचे, "झालं, अर्कवाल्यांचा बंगला सुरू झाला."

आता ते दिवस राहिले नाहीत. भट्टी कधीच बंद झाली. काकाही गेले. उबवणीचं काम अक्कांची नात बघते, हुशार पोरगी आहे. तिने अख्खा ट्रे एका दमात बघणारं नवं यंत्र आणलं. त्याने भराभर काम होतं, मी कशाला खोटं बोलू? पण ते अंड्याला विचारत काही नाही. मला तिने फेकलं नाही, वरच्या फळीवर ठेवलं. तिथे माझे रबराचे ओठ वाळून तडकले आणि एका कोळ्याने माझ्या तोंडावर जाळं विणलं. मी एवढ्यांचं अंतरंग उजेडात आणलं, आणि माझ्या पोटात मात्र अंधार.

काका गेल्यानंतर काही दिवसांनी काकू आल्या. काठी टेकत फळीखाली उभ्या राहिल्या आणि पोरीला म्हणाल्या, "तो डबा खाली दे गं." तिने मला पुसून टेबलावर ठेवलं आणि लावलं. मी पेटलो. काकूंनी माझ्यावर तळवा ठेवला. हात सुरकुतला होता, पण बोटं तशीच लालचुटुक दिसली. मग त्यांनी हात थोडा बाजूला सरकवला आणि शेजारी आणखी एका हाताची जागा सोडली. बराच वेळ त्या तशाच बसल्या. मी तापलो आणि कुठल्या कोपऱ्यात उरला होता कोण जाणे, पण ओव्याचा एक पुसटसा वास वर आला. काकू हसल्या. त्या दिवसापासून त्या दर आठवड्याला येऊ लागल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातलं काही बिघडलं तर पटकन एकाच्या माथी मारू नका. आधी दोन्ही भांड्यांत हात घालून वास घ्या. मी उभं आयुष्य अंडी बघण्यात घालवलं, पण हे एवढंच शिकलो.

आणि एक विनंती आहे, ती मात्र माझ्यासाठी. गेल्या आठवड्यात माझा बल्ब गेला. नवे बल्ब चांगले असतील, पण ते तापत नाहीत, आणि तापल्याशिवाय माझ्या पोटातला वास वर येत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी माळ्यावर एखादा जुना, तापणारा बल्ब पडला असेल, तर तो आणून मला बसवा. काकू यायची वेळ झाली आहे, आणि त्यांना हात ठेवायचा आहे.